निळी शाई, स्टीलचा तांब्या आणि जुना नवरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला शाळेत ऑक्सिमोरॉनची, म्हणजे एकमेकांच्या उलट अर्थाच्या शब्दांच्या जोडीची, मराठी उदाहरणं लिहून आणायला सांगितली, तिने 'निळी शाई' आणि 'स्टीलचा ग्लास' लिहिलं, कारण आजोबा म्हणाले की शाई म्हणजे मुळात काळीच आणि ग्लास म्हणजे काच. बाईंनी दोन्हीवर फुली मारली. आता आजोबा चिडलेत आणि आईला विचारायचंय की बरोबर कोण, आणि मूळ अर्थ सोडून आपण शब्द वापरतो ते चूक म्हणायचं का.

आधी निकाल सांगते मग कारणं. फुली बरोबर आहे. आजोबांची माहितीपण शंभर टक्के खरी आहे, फक्त ती या प्रश्नाला लागू नाही. आणि मूळ अर्थ सोडणं ही चूक असेल तर आपल्याला उद्या सकाळपासून तोंड बंद करून बसावं लागेल, कारण एक वाक्य धड बोलता येणार नाही.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, तीसेक वर्षं गुजराती-मराठी-इंग्रजी भाषांतर करते, त्यात जमिनीचे आणि कोर्टाचे जुने कागद जास्त. शब्दाचा अर्थ सरकतो म्हणजे काय होतं ते मला पुस्तकात वाचायच्या आधी धंद्यात लाथ बसून कळलंय, ती गोष्ट पुढे येईलच.

ऑक्सिमोरॉन हा शब्द ग्रीक. ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण, धारदार, आणि मोरोस म्हणजे बोथट, मंद, मूर्ख. म्हणजे शब्द स्वतःच स्वतःचं उदाहरण आहे, 'धारदार बोथट'. मराठीत याला सरसकट विरोधाभास म्हणतात, चालतं, पण थोडा फरक आहे. विरोधाभास अलंकार अख्ख्या वाक्यात, अख्ख्या कवितेत पसरू शकतो, आधी विसंगत वाटतं आणि विचार केला की मेळ बसतो. ऑक्सिमोरॉन म्हणजे त्यातलं छोटं पाकीट, दोनच शब्द, एकमेकांच्या मानगुटीवर बसलेले. उघड गुपित. सक्तीची स्वेच्छानिवृत्ती. 'कायमची तात्पुरती व्यवस्था', हे तर कुठल्याही सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बघायला मिळेल.

यात गंमत कुठून येते तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही शब्दांचे अर्थ एकाच वेळी पेटतात आणि ठिणगी उडते. 'उघड' ऐकलं, 'गुपित' ऐकलं, दोन्ही आजचे, चालू अर्थ. 'निळी शाई' म्हटल्यावर कुणाच्या डोक्यात ठिणगी उडते? कुणाच्याच नाही. दुकानदार मुकाट्याने बाटली काढून देतो. फारसीत सियाह म्हणजे काळा, सियाही म्हणजे काळेपणा, त्यावरून आपली शाई, तेव्हा 'लाल शाई' म्हणजे 'लाल काळेपणा' आणि 'काळी शाई' म्हणजे 'काळा काळेपणा', हे सगळं खरं, पण ते शब्दाच्या पोटात खोल गाडलेलं आहे आणि बोलणारा वर दुसऱ्याच मजल्यावर राहतोय.

असे गाडलेले विरोध घराघरात पडलेत हं. स्वयंपाकघरात चला. तांब्या हा शब्द तांबं या धातूवरून आला हे लहान मूलही सांगेल, आणि तरी स्टीलचा तांब्या, पितळेचा तांब्या, लग्नात चांदीचा तांब्या, कुणाला काही वाटत नाही. शेजारी ग्लास, तो स्टीलचा, आणि पाहुण्यांसाठी 'काचेचा ग्लास', म्हणजे आजोबांच्या हिशेबाने काचेची काच. आता तेलाची बरणी घ्या. तेल म्हणजे तैल, तिळापासून काढलेलं ते. म्हणजे शेंगदाण्याचं तेल, करडईचं तेल, सरसोंचं तेल हे सगळे विरोध झाले, तिळाचं तेल ही पुनरुक्ती झाली, आणि खोबरेल तेल तर कमालच, त्यात खोबरं + तेल आधीच झालंय, मग आपण वर अजून एकदा तेल ओततो आणि दोन्ही वेळा आत तीळ लपलाय. मशीनला घालतो त्या ऑइललाही आम्ही तेलच म्हणतो. एक छोटा दाणा, त्याच्या नावाने जगातला सगळा ओशट पातळ पदार्थ ओळखला जायला लागला, याला भाषेवाले अर्थविस्तार म्हणतात. पाकिटातला रुपया तसाच, रूप्य म्हणजे चांदी, ठसा मारलेली चांदी, आणि आज हातात असतो तो स्टीलचा नाहीतर डिजिटल. आठवड्यात आठ आहे आणि दिवस सात. इथे मात्र हिशेब चुकलेला नाहीये, आजचा सोमवार धरून पुढच्या सोमवारपर्यंत मोजा, आठच येतात, म्हणून आपण अजूनही 'आठ दिवसांनी या' म्हणतो आणि समोरचा बरोबर सात दिवसांनी येतो.

हा आजोबांचा वाद नवीन नाही बरं का, आपल्याकडे संस्कृतात यावर सहा-सातशे वर्षांपूर्वी भांडून झालंय. काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात 'कुशल' शब्दाचं उदाहरण दिलं, की मुळात कुश म्हणजे दर्भ, तो हात न कापता नीट खुडून आणणारा तो कुशल, आणि कामात हुशार माणसाला कुशल म्हणणं म्हणजे मूळ अर्थ सोडून लक्षणेने बोलणं. त्यावर चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण'वाल्या विश्वनाथाने जे उत्तर दिलं ते मला फार आवडतं. तो म्हणतो शब्द कशावरून बनला हे एक आणि कशासाठी वापरला जातो हे दुसरं. व्युत्पत्तीतून निघणारा अर्थच जर मुख्य धरला तर 'गाय झोपली' हे साधं वाक्यसुद्धा लक्षणेचं धरावं लागेल, कारण गो शब्द गम् धातूवरून, म्हणजे 'जाणारी', आणि जाणारी झोपली कशी? वाद मिटला. गोठ्यात बसलेली प्रत्येक गाय आजोबांच्या नियमाने ऑक्सिमोरॉन आहे.

आता माझी फजिती. धंद्याला लागून वर्षही झालं नव्हतं. भडोचकडच्या एका कुटुंबाचा जुना कागद आला, इंग्रजांच्या वेळचा, मुंबई इलाख्यातला, गुजरातीत. त्यात 'राजीनामुं' होतं. मी बिनधास्त 'नोकरीचा राजीनामा' असं करून दिलं, गुजरातीतही आज तोच अर्थ, मराठीतही तोच, शंका यायचं कारणच नव्हतं. वकिलांनी कागद परत पाठवला आणि फोनवर एवढंच म्हणाले, "बहेन, हा खेडूत आहे, कुठल्या ऑफिसचा राजीनामा देणार?" मी शरमेने मेले. मग शोधलं तेव्हा कळलं की महसुलाच्या कामात राजीनामा आणि कबुलायत अशी जोडी असायची, जमीन करणारा माणूस 'मी राजीखुशीने या जमिनीवरचा कब्जा सोडतो' असं लिहून द्यायचा तो राजीनामा, आणि जो नवीन घेणार तो 'मी कसतो, सारा भरतो' असं लिहून द्यायचा ती कबुलायत.

म्हणजे बघा, पूल सापडला की नाही. राजी + नामा, फारसी-अरबी घराण्यातलं, संमतीचं पत्र. कोर्टात दोन्ही पक्षांचं जुळलं की तडजोडीच्या कागदालाही राजीनामाच म्हणत. मग राजीखुशीने जमीन सोडण्याचा कागद. त्यातून 'सोडणं' तेवढं उरलं, 'राजी' वाळून गळून पडलं आणि जमिनीच्या जागी खुर्ची आली. आज पेपरात 'मंत्र्यांचा राजीनामा घेतला' असं छापून येतं आणि आपण चहा पीत वाचतो. राजीखुशीचं पत्र, आणि ते घेतलं! मुळाच्या हिशेबाने याच्यापेक्षा मोठा विरोध नाही, आणि आजच्या हिशेबाने अगदी सरळ बातमी. तेव्हापासून माझा नियम असा की जुना कागद असेल तर त्या काळात त्या खात्यात तो शब्द काय काम करत होता ते आधी बघायचं, मूळ धातू नंतर. सयाजीराव महाराजांच्या वेळी १९३१ मध्ये बडोदे सरकारने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' म्हणून कारभाराच्या शब्दांचा कोश काढला होता, आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी. असं पुस्तक हाताशी असलं की एक शब्द इकडे काय करतोय आणि त्याचा भाऊ तिकडे काय करतोय ते एका ओळीत दिसतं.

आणि भावाभावांची तोंडं दोन दिशांना हे बघायचं असेल तर बडोद्यासारखी जागा नाही. आमच्याकडे रोज विनोद होतात. पुण्याची माझी मामेबहीण दिवाळीत आली होती, रावपुऱ्यात दुकानावर 'फराळी' पाटी बघून खूश, म्हणाली चला चकल्या-अनारसे घेऊ. आत फक्त बटाट्याचा चिवडा, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू. गुजरातीत फराळ म्हणजे उपासाचं खाणं, नि आपल्यात उपासालाही फराळ आणि दिवाळीच्या चकली-शेव-करंजीलाही फराळच. मूळ काय, तर फल + आहार, फळं खाऊन राहणं. आता दिवाळीच्या ताटात एक फळ दाखवा मला. बरं 'उपासाची मिसळ', 'उपासाचा केक' ही मात्र खरी जिवंत जोडी आहे, कारण उपास म्हणजे न खाणं हा अर्थ आजही डोक्यात जागा आहे, म्हणून हसू येतं. मुलीला हे चालेल. (उपवास म्हणजे मुळात 'जवळ राहणं', पण ते आजोबांना सांगू नका, पुन्हा सुरुवात होईल.)

दुसरा विनोद नवऱ्याचा. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, मोकळा, काम नसलेला. लग्न होऊन बडोद्यात नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलीला शेजारीण कधीतरी विचारतेच, 'नवरी छो?' म्हणजे मोकळी आहेस का, आणि ती बिचारी लाजते. आता आपला नवरा बघा, नव + वर, नवा वर. नव्या नवरदेवाचा शब्द पुढे आयुष्यभराला चिकटला. तेव्हा 'जुना नवरा', 'चाळीस वर्षांचा संसार झालेला नवरा' हे सगळे मुळाशी विरोधच. आमच्या घरी हे सांगितलं तर उत्तर आलं, "चला, निदान शब्दात तरी मी अजून नवा आहे." असो.

आणि महाराज. ज्या गावात युनिव्हर्सिटीच्या नावातच महाराजा आहे, त्याच गावात स्वयंपाक्यालाही महाराज म्हणतात, ब्राह्मण आचारी म्हणून आदराने सुरू झालेलं. 'महाराज, शाकात मीठ जरा कमी' असं कुणी इथे दरबाराची पायरी न चढताही रोज म्हणतं. मानाचा शब्द वापरून वापरून झिजतो, नाण्यासारखा. दादा आणि भाई यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे.

मीठ निघालंच आहे तर त्यावर थोडं बसू या, कारण माझ्या मते आपल्या भाषेतला सगळ्यात सुंदर गोंधळ हा आहे. हिंदीत मीठा म्हणजे गोड. मराठीत मीठ म्हणजे खारट. गुजरातीत मीठुं म्हणजे गोडपण आणि मीठपण, दोन्ही, संदर्भावरून ओळखायचं. तिन्ही एकाच मृष्ट-मिष्ट घराण्यातले, ज्याचा अर्थ होता चविष्ट, रुचकर. हिंदीवाल्यांना रुचकर म्हणजे गोड वाटलं, आपल्याला रुचकर म्हणजे ज्याच्यामुळे रुची येते ते. कोण चुकलं? कुणीच नाही. आपल्याकडेही मिठाई आहेच की, तिच्यात मीठ नसतं. आणि गुजरातीत मिठाला अजून एक देखणं नाव आहे, सबरस, सगळा रस. दिवाळीनंतर बेसतं वर्षाच्या, म्हणजे गुजराती नववर्षाच्या, पहाटे, अजून अंधार असतो, पोरं मिठाच्या पिशव्या घेऊन गल्लीत 'सबरस, सबरस' ओरडत येतात, शकुन म्हणून सगळे घेतात, आमची आईसुद्धा घ्यायची.

मिठाचा जुना शब्द लवण. त्यावरून अळणी, म्हणजे अ-लवण. त्यावरूनच लोणचं. आणि त्यावरूनच लावण्य! लावण्य म्हणजे शब्दशः खारटपणा. सुंदर बाईला आपण गोड म्हणतो आणि लावण्यवतीही म्हणतो, एकाच दमात गोड आणि खारट. पण थांबा, याच ओघात कुणी म्हणेल मग लोणीपण लवणावरून, सारखंच तर दिसतंय. नाही. लोणी नवनीतावरून आलंय, मिठाशी काही संबंध नाही. व्युत्पत्तीत सगळ्यात मोठा धोका हाच, दिसायला सारखं म्हणून नातं जोडून टाकायचं. फॉरवर्डमध्ये येणाऱ्या निम्म्या 'माहितीये का' व्युत्पत्त्या अशाच चेहरा बघून जमवलेल्या सोयरिकी असतात. ध्वनी नियमाने बदललेत का आणि मधल्या काळात त्या अर्थाने शब्द वापरलेला सापडतो का, या दोन गोष्टी जुळल्या तरच मी नातं मानते. राजीनाम्यात मधली पायरी हातात कागद म्हणून सापडली होती, म्हणून खात्री.

काही शब्दांचं तर नशीबच फिरतं. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे, तिथे तो स्वतःला देवानंप्रिय म्हणवतो, देवांचा लाडका. पुढे संस्कृत व्याकरणवाल्यांनी 'देवानांप्रिय' म्हणजे मूर्ख अशी नोंद करून ठेवली, राजाची पदवी थेट शिवी झाली. त्याच लेखांत पासंड म्हणजे नुसते पंथ, अशोक म्हणतो सगळ्या पासंडांचा मान ठेवा, आणि आपलं पाखंड बघा कुठे पोचलं. उलट दिशेनेही जातात, साहस हा धर्मशास्त्रात जबरदस्तीचा गुन्हा होता, आज शाळेत साहसाबद्दल मेडल देतात. शिक्षा म्हणजे शिकवणं, हिंदीत अजून शिकवणंच, आपल्यात आणि गुजरातीत मात्र छडी. याचा पूल शोधायला कोश लागत नाही, 'थांब, तुला चांगला धडा शिकवते' यात सगळं आलं.

अजून एक प्रकार आहे, तो आपण मुद्दाम करतो. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, गुजरातीत पण 'आवजो'. बांगडी फुटली तर 'वाढवली', नारळ फोडला तर 'वाढवला'. इथे शब्द सरकलेला नाही, अशुभ नको म्हणून आपणच त्याला उलटा धरलाय. हेही ऑक्सिमोरॉन नव्हे, पण मुलीच्या बाई चांगल्या असतील तर यावर वर्गात अर्धा तास मजेत जाईल.

इंग्रजीतलं 'प्रिटी अग्ली' का चालतं असंही प्रश्नाखाली कुणीतरी विचारलंय. कारण तिथे प्रिटीचे दोन अर्थ आजही जिवंत आहेत, सुंदर आणि बऱ्यापैकी, ठिणगी पडते. 'चौदा दिवसांचं क्वारंटाइन' मात्र चालणार नाही. क्वारंटाइनमध्ये इटालियन चाळीस आहे, जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवायचे त्यावरून, पण २०२० मध्ये घरात कोंडून बसलो तेव्हा कुणी 'चाळीस चौदा दिवस' म्हणून हसलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये आठ आहे आणि महिना दहावा, जुनं रोमन वर्ष मार्चपासून मोजायचे म्हणून. आणि ऑक्सिमोरॉनमधलाच तो ऑक्सिस ऑक्सिजनमध्ये पण बसलाय, आंबट-तीक्ष्ण या अर्थाने. लाव्हॉझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वाटलं की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून 'आम्ल करणारा' असं नाव ठेवलं. नंतर कळलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच. म्हणजे इथे मूळ अर्थ सरकलेला पण नाही, तो पहिल्या दिवसापासून चूक होता, आणि तरी शब्द ठणठणीत आहे, हॉस्पिटलात सिलिंडरवर लिहिलेला असतो.

आता वहीचं. मुलीला 'उघड गुपित', 'सक्तीची स्वेच्छानिवृत्ती', 'उपासाची मिसळ', 'बोलकी शांतता', 'कायमची तात्पुरती सोय' ही लिहू दे, बाकीची तिने स्वतः घरात ऐकून शोधावीत, एक दिवस कान उघडे ठेवले की पाच तरी मिळतात. आणि निळी शाई, स्टीलचा ग्लास खोडू नका. त्याच पानाच्या मागे 'एके काळचे विरोध' असं वेगळं शीर्षक देऊन लिहा, त्यात तांब्या, खोबरेल तेल आणि जुना नवरा घाला, आणि आजोबांना म्हणावं शाईचा फारसी मूळ अर्थ तुमच्या अक्षरात लिहून द्या. पेन निळं असलं तरी चालेल.